एक वाटी म्हणजे किती ग्रॅम? आधी सांगा, वाटीत काय आहे

किराणा दुकानात तेलाच्या दोन पिशव्या शेजारी शेजारी आहेत. एकीवर '१ लिटर' लिहिलंय, दुसरीवर '१ किलो'. उदाहरणापुरतं धरू की पहिली १४० रुपयांची आणि दुसरी १५० ची. घाईत हात जातो पहिलीकडे, कारण दहा रुपये वाचतात. पण एक लिटर खाद्यतेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. त्या हिशेबाने पहिली पिशवी किलोमागे जवळपास १५४ रुपयांना पडली. महाग तीच.

दिवाळीच्या तोंडावर डबा घेताना हाच फरक मोठा होतो. '१५ किलोचा डबा' आणि '१५ लिटरचा डबा' दिसायला जवळपास सारखे असतात. पण १५ लिटर तेल म्हणजे साडेतेरा किलोंच्या थोडं वर. दोन डब्यांत सव्वा किलोहून जास्त तेलाचा फरक आहे आणि दुकानदाराने तो लपवलेलाही नाही. डब्यावर छापलेलाच असतो.

स्वयंपाकघरात हाच गोंधळ निराळ्या रूपात येतो. केकच्या कृतीत मैदा ग्रॅममध्ये दिलेला असतो आणि आपल्याकडे वाटी असते. आत्याच्या वहीत सगळं वाटीत असतं, पण पन्नास माणसांसाठी सामानाची यादी किलोत द्यायची असते. परदेशी व्हिडिओत 'कप' असतो आणि तो चहाचा कप की आणखी कसला, ते कोणी सांगत नाही. मग आपण विचारतो, 'एक वाटी म्हणजे किती ग्रॅम?' या प्रश्नाला उत्तर नाही, कारण प्रश्न अर्धाच विचारलेला आहे.

लिटर जागा मोजतो, किलो माल मोजतो

वाटी, कप, चमचा, लिटर, मिलिलिटर ही सगळी आकारमानाची मापं. पदार्थाने किती जागा व्यापली एवढंच ती सांगतात. ग्रॅम आणि किलो ही वजनाची मापं; माल प्रत्यक्षात किती आहे ते सांगतात. एकातून दुसऱ्यात जायचं तर मध्ये तिसरा आकडा लागतो आणि तो म्हणजे घनता: एक मिलिलिटर जागेत त्या पदार्थाचे किती ग्रॅम मावतात तो आकडा. मिलिलिटरला घनतेने गुणलं की ग्रॅम मिळतात, ग्रॅमना घनतेने भागलं की मिलिलिटर. गणित एवढंच.

पाण्याची घनता जवळपास १, म्हणून १०० मिलिलिटर पाणी म्हणजे १०० ग्रॅम. शाळेपासून हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की बाकीचे पदार्थही असेच वागतील असं आपण धरून चालतो. ते वागत नाहीत. दुधाची घनता १.०३ च्या आसपास, तेल-तुपाची ०.९१, मधाची तब्बल १.४. म्हणून अर्धा किलो मधाची बाटली शेजारच्या अर्धा लिटर पाण्याच्या बाटलीपुढे लहानखुरी दिसते. मध कमी भरलेला नसतो, तो जड असतो.

तेलाच्या पिशवीवर तापमान कशाला छापायचे?

द्रवांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. तापलं की तेल पसरतं, म्हणजे तेवढ्याच वजनाला जास्त जागा लागते. सरकारने दिलेल्या आकड्यांनुसार एक लिटर सोयाबीन तेल २१ अंश सेल्सिअसला ९१९.१ ग्रॅम भरतं आणि ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. लिटर तोच, पण तेल सव्वीस ग्रॅमने कमी.

काही कंपन्या पिशवीवर 'एक लिटर' लिहून त्याखाली बारीक अक्षरात ६० अंशांसारखं चढं तापमान छापत. कागदोपत्री ते बरोबरच होतं. पण ६० अंश तापलेलं तेल कोणी घरी आणत नाही. घरच्या तापमानाला तेच तेल एक लिटरपेक्षा कमी भरायचं. म्हणून ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सांगितलं की तापमानाचा उल्लेख काढा आणि लिटरसोबत वजनही छापा. त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली. आज पिशवीवर लिटरच्या बाजूला ग्रॅमचा जो आकडा दिसतो, त्याच्यामागे हे आहे. दोन पिशव्यांची तुलना करायची तर लिटर बघू नका, तो ग्रॅमचा आकडा बघा. वजन उन्हाने वाढत-घटत नाही.

घरच्या फोडणीला मात्र या सव्वीस ग्रॅमचा काही फरक पडत नाही, हेही सांगून टाकतो.

पीठ आणि धान्य: मोजलेली हवा

द्रव सोपे, कारण ते भांडं पूर्ण व्यापतात. खरा गुंता कोरड्या जिनसांचा. वाटीभर तांदळात सगळा तांदूळच असतो का? दाण्यादाण्यांमध्ये हवा असते आणि आपण तीही मोजतो. पिठात तर ती आणखी जास्त.

मुंबईच्या लोकलचा डबा डोळ्यांसमोर आणा. सकाळी साडेआठला आणि दुपारी अडीचला डबा तोच, लांबी-रुंदी तीच, पण आतली माणसं किती? 'एक डबा माणसं' म्हणजे किती, हे वेळ सांगितल्याशिवाय सांगता येत नाही. मैद्याची वाटी अगदी तशीच आहे. मैदा चाळून, चमच्याने हलकेच वाटीत सोडला तर साधारण २४० मिलिलिटरच्या कपात ११५ ते १२५ ग्रॅम बसतो. तोच कप मैद्याच्या डब्यात खुपसून भरून घेतला तर १४० ते १५०. वर आपटून दाबला तर आणखी. तीन कपांच्या केकमध्ये हा फरक ७५ ते ९० ग्रॅमवर जातो. 'कृती तंतोतंत पाळली तरी केक दगडासारखा झाला' या तक्रारीचं मूळ पुष्कळदा ओव्हनमध्ये नसतं, मैदा कसा भरला त्यात असतं.

दाण्यांचा आकारही मध्ये येतो. दाणेदार साखर त्या कपात २०० ग्रॅम भरते. तीच दळून पिठीसाखर केली की कपात १२० च्या आसपासच राहते. साखर तीच, फक्त बारीक झाली आणि हवा धरून बसली. कच्चा तांदूळ आणि डाळी १८५ ते २०० ग्रॅम, रवा १६५ च्या आसपास, साबुदाणा दीडशे, शेंगदाणे १४५ च्या आसपास. खवलेलं ओलं खोबरं हलक्या हाताने भरलं तर जेमतेम ८०. मीठ उलट्या टोकाला: बारीक मीठ कपाला जवळजवळ २९० ग्रॅम. पातळ पोह्यांचा आकडा मी देतच नाही. हाताच्या दाबाप्रमाणे तो इतका बदलतो की आकडा देणं म्हणजे फसवणूक होईल. अर्धा किलो पातळ पोह्यांचा चिवडा करायला घेतल्यावर घरातलं सगळ्यात मोठं पातेलं अपुरं पडतं, हे कोणत्याही घरात विचारा.

धान्याच्या व्यापाऱ्यांना ही हवा फार पूर्वीपासून ठाऊक होती. आपल्याकडे धान्य मापाने दिलं-घेतलं जायचं: दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. गोव्यात आणि दक्षिण कोकणात कुडव. माप सपाट भरायचं की वर शीग चढवायची, भरताना हलवायचं की नाही, यावर भांडणं व्हायची आणि ती रास्त होती, कारण हलवून ठोकलेल्या पायलीत खरोखरच जास्त धान्य बसतं. भरीस भर म्हणजे मापाचा शेर वेगळा आणि वजनाचा वेगळा. वजनाचा इंग्रजी अमदानीतला शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. जुन्या वहीत 'एक शेर रवा' दिसला तर तो कुठला शेर, हे वहीच्या मालकिणीलाच ठाऊक. १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापं आली आणि १९६२ पर्यंत ती सक्तीची झाली.

अमेरिकेत याच अडचणीतून गमतीशीर वाट काढली गेली. तिथलं बुशेल हे मुळात ३५ लिटरांच्या थोडं वरचं माप. पण व्यापारात ते वजन ठरवूनच वापरतात आणि ते वजन धान्यागणिक वेगळं आहे: गव्हाचं बुशेल ६० पौंड, मक्याचं ५६, ओटचं ३२. म्हणजे जागेचं नाव ठेवलं आणि आत वजन घातलं. गव्हाचा दर्जा ठरवतानाही ठरावीक मापात गहू किती वजनाचा भरतो ते पाहतात. दाणा भरदार असेल तर जास्त, पोचट असेल तर कमी.

अनारशात नेमकं काय बिघडतं

आता हे सगळं एका पदार्थावर लावून बघू. 'तांदूळ आणि गूळ समप्रमाणात' असं अनारशाच्या कृतीत लिहिलेलं असतं. कुणी 'वाटीला वाटी' म्हणतं, कुणी 'पाऊण वाटी गूळ' म्हणतं आणि दोघींचेही अनारसे जाळीदार होतात. मग खरं कोणाचं?

समप्रमाण कशाचं, हे आधी विचारायला हवं. १५० मिलिलिटरची वाटी घेतली तर तिच्यात कच्चा तांदूळ १२० ग्रॅम बसतो. तो दळून कोरडं पीठ केलं तर ते एका वाटीत मावत नाही. सव्वा-दीड वाटी होतं. म्हणजे 'एक वाटी तांदूळ' आणि 'एक वाटी तांदळाचं पीठ' या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. त्यातून अनारशाचा तांदूळ तीन दिवस भिजवलेला आणि पीठ ओलसर असतानाच कुटलेलं. भिजलेला तांदूळ स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त पाणी पितो. म्हणून काट्यावर दिसणाऱ्या वजनातही पाणी आलं. आणि गूळ? किसून हलकाच भरला की हाताने दाबून भरला, यात वाटीमागे तीस-चाळीस ग्रॅम सहज इकडेतिकडे होतात.

एकीने तांदूळ भिजवण्याआधी मोजला, दुसरीने ओलं पीठ चाळून मोजलं. एकीने गूळ दाबला, दुसरीने नाही. दोघींच्या कृती बरोबर आहेत. फक्त मोजायची वेळ कृतीत लिहिलेली नाही. अशी कृती ग्रॅममध्ये उतरवायची असेल तर 'तांदूळ भिजवण्यापूर्वी इतके ग्रॅम, गूळ इतके ग्रॅम' असंच लिहावं लागतं. ओल्या पिठाचं वजन लिहून ठेवण्याला फारसा अर्थ नाही, कारण पुढच्या वेळी पंचावर ते किती सुकलं हे हवेवर ठरणार.

बरं, पण कप तरी एकच असेल?

नाही. अमेरिकेतला स्वयंपाकाचा कप २३६.६ मिलिलिटरचा, तिथल्याच पोषणाच्या लेबलवर तो २४० धरतात. ऑस्ट्रेलियात २५० चा. जपानमध्ये २०० चा. आणि राइस कुकरसोबत जो प्लॅस्टिकचा कप येतो तो तर १८० चा, कारण तो तांदूळ मोजायच्या जुन्या जपानी मापावरून आलाय. कुकरच्या आतल्या पाण्याच्या रेघा त्या कपाला धरून आखलेल्या असतात. तो कप हरवला म्हणून घरातल्या दुसऱ्या, मोठ्या कपाने तांदूळ घातले आणि पाणी रेघेपर्यंत भरलं, तर भात फडफडीत राहणार हे नक्की.

मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटरचा, पण ऑस्ट्रेलियात २० चा. मेलबर्नला राहणाऱ्या चुलतबहिणीने पाठवलेल्या कृतीतले 'तीन चमचे' आपल्याकडे चार होतात. छोटा चमचा सगळीकडे ५ मिलिलिटर. आपल्याकडे मिळणारे मापाचे कप २४० किंवा २५० चे असतात. एवढ्या फरकाने शिरा बिघडत नाही, म्हणून त्याची चिंता नको. मात्र १८० आणि २५० मधला फरक बिघडवतो.

आपल्या वाटीचं माप कसं काढायचं

घरातली वाटी १०० मिलिलिटरची असू शकते किंवा २०० चीही. ते काढायला एक किचन स्केल पुरतो. रिकामी वाटी काट्यावर ठेवा, 'टेअर'चं बटण दाबून आकडा शून्यावर आणा आणि वाटी काठोकाठ पाण्याने भरा. जेवढे ग्रॅम दिसतील तेवढे मिलिलिटर. आपल्या हवेत पाण्याची घनता एकापेक्षा किंचित कमी असते, पण तो फरक वाटीमागे एक ग्रॅमसुद्धा नाही.

मग तीच वाटी कोरडी करून तिच्यात रोजचे जिन्नस एकेक करून भरा आणि वजन लिहून ठेवा: तांदूळ, तूरडाळ, कणीक, रवा, साखर, बेसन. नेहमी ज्या पद्धतीने भरता त्याच पद्धतीने भरा. मुद्दाम नीटनेटकं भरायचं नाही. कुठल्याही छापील तक्त्यापेक्षा हा कागद तुमच्या घरासाठी जास्त खरा. कारण त्यात तुमची वाटी आहे, तुमच्या गिरणीचं पीठ आहे आणि तुमचा हातही. काटा नसेल तर उलट वाटेने जा: अर्धा किलोचं बंद पाकीट फोडा आणि त्यात तुमच्या किती वाट्या भरतात ते मोजा.

'आजीने कधी काटा पाहिला नव्हता, तिचं कधी बिघडलं नाही'

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तरही आहे.

आजीच्या कृती प्रमाणाच्या होत्या. एक वाटी डाळीला तीन वाट्या पाणी, दोन वाट्या रव्याला एक वाटी साखर. सगळं एकाच वाटीने मोजलं तर वाटी केवढी याने काही बिघडत नाही; ती दोन्ही बाजूंना सारखीच आहे, गणितात उडून जाते. वाटीऐवजी तांब्या घेतला तरी पदार्थ तोच होईल, फक्त खाणारी माणसं वाढवावी लागतील. अडचण सुरू होते ती वाटीच्या शेजारी दुसरं माप येऊन बसलं की. 'दोन वाट्या मैदा, १०० ग्रॅम लोणी, एक अंडं, एक चमचा सोडा' असं लिहिलं की वाटीचा आकार एकदम महत्त्वाचा होतो, कारण लोणी आणि अंडं काही वाटीबरोबर लहान-मोठं होत नाहीत. आजकालच्या बहुतेक कृती अशाच सरमिसळ आहेत.

दुसरं कारण अधिक मोठं आहे. आजीच्या बहुतेक पदार्थांना मध्येच दुरुस्त करता येत होतं. कणीक सैल झाली, पीठ घाला. पिठलं घट्ट झालं, पाणी घाला. आमटी आळणी लागली, मीठ टाका. हात, डोळा आणि जीभ सतत मापाची चूक सुधारत असतात, म्हणून वाटी पुरते. केकचं भांडं ओव्हनमध्ये गेलं की हात बांधले जातात. पाव, बिस्किटं, नानकटाई, मुरवायला ठेवलेलं लोणचं, भाजणीच्या चकलीचं मोहन: यांची चूक कळेपर्यंत वेळ गेलेली असते. चकलीचं तसं बरं, एक तळून बघता येते. काटा कुठे काढायचा हे मी याच कसोटीवर ठरवतो. मध्येच सुधारता येणार असेल तर वाटी. नाही तर वजन.

आणि आजीच्या घरी पन्नास माणसांचं जेवण असायचं तेव्हा आचारी यायचा. तो यादी किलोतच सांगायचा.

'नेटवर कन्व्हर्टर असतो की'

असतो आणि द्रवांसाठी तो छान चालतो. पण तो जेव्हा 'एक कप बेसन म्हणजे ९२ ग्रॅम' सांगतो, तेव्हा कोणीतरी, कधीतरी, चाळलेलं बेसन ठरावीक पद्धतीने भरून मोजलेलं असतं. तुमच्या डब्यातलं दाबून बसलेलं बेसन त्याच कपात १२० ग्रॅमही भरेल. तक्ता चुकीचा नसतो. तो दुसऱ्याच्या बेसनाचा असतो. म्हणून वाटीतून ग्रॅममध्ये जाताना त्या आकड्याला सुरुवातीचा अंदाज समजा. ग्रॅममधून वाटीत जायची वेळ आली तर, म्हणजे कृती ग्रॅममध्येच दिलेली असेल तर, रूपांतर करूच नका. काट्यावर ठेवा आणि मोकळे व्हा.

एक सापळा मात्र टाळा. जो कन्व्हर्टर पदार्थाचं नाव न विचारता कपाचे ग्रॅम करून देतो, तो सगळ्याला पाणी समजतोय.

चमच्यावर तब्येत अवलंबून असते तेव्हा

आतापर्यंत फार तर केक बसला होता. काही ठिकाणी जास्त काही पणाला लागतं.

जुलाब होत असताना घरी करायचं साखर-मिठाचं पाणी घ्या. माहितीतलं प्रमाण असं: एक लिटर स्वच्छ पाणी, साखरेचे सहा छोटे सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा छोटा सपाट चमचा. यात 'सपाट' हा शब्द शोभेचा नाही. शिगेचा चमचा सपाट चमच्याच्या दीडपट-दुप्पट भरतो आणि त्या पाण्यात मीठ दुप्पट झालं तर लहान मुलाला ते धोक्याचं असतं. मेडिकलमधली ओआरएसची पुडी म्हणूनच बरी, तिच्यात पावडर वजन करून भरलेली असते. आपण फक्त पाणी मोजायचं, तेही पुडीवर लिहिलंय तेवढंच. एक लिटरची पुडी पेल्याभर पाण्यात घालायची नाही आणि थोडी थोडी वाटूनही घालायची नाही.

लोणच्यातही मिठाची हीच गोष्ट आहे. बारीक मिठाचा छोटा सपाट चमचा ६ ग्रॅमच्या आसपास. खड्यांमध्ये हवा जास्त, म्हणून खडेमीठ त्याच चमच्यात बरंच कमी बसतं. 'दोन वाट्या मीठ' ही कृती खडेमिठाची असेल आणि तुम्ही पाकिटातलं बारीक मीठ घेतलं, तर लोणचं खारट. उलट झालं तर लोणचं टिकणार नाही. लोणच्याचं मीठ आणि कैरीच्या फोडी दोन्ही वजन करूनच घ्याव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. मीठ टिकण्यासाठी आहे, नुसतं चवीपुरतं नाही.

मोठ्यांनी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे दिवसभरात मिळून एक छोटा सपाट चमचाही नाही.

दूध, आइस्क्रीम आणि पैशांचा हिशेब

गावच्या दूध संकलन केंद्रावर कॅन काट्यावर जातो आणि दर मात्र लिटरला असतो. म्हणून काट्यावरच्या किलोंना १.०३ ने भागून लिटर काढतात. १०० किलो दूध म्हणजे ९७ लिटर. काट्यावर शंभर दिसले आणि पावतीवर सत्त्याण्णव आले तर लगेच भांडायचं कारण नाही. ९७ पेक्षा कमी आले तर विचारायचं. दुधात पाणी घातलं की घनता घटते आणि लॅक्टोमीटर जास्त बुडतो. त्या काचेच्या नळीत घनताच मोजली जाते, दुसरं काही नाही.

आइस्क्रीम हा तर हवा विकण्याचा राजमान्य धंदा. घुसळताना त्यात हवा मिसळतात, त्याशिवाय ते मऊ होत नाही आणि विकतात मिलिलिटरवर. हवा किती घालायची याला कायद्याने लगाम आहे: एक लिटर आइस्क्रीमचं वजन निदान ५२५ ग्रॅम भरलंच पाहिजे. म्हणजे लिटरभर आइस्क्रीम अर्ध्या किलोच्या जेमतेम वर असलं तरी ते नियमात बसतं. दोन कंपन्यांचे सारख्या आकाराचे डबे हातात घेऊन तोलून बघा. जो जड लागेल त्यात माल जास्त.

'मग सगळं काट्यावरच मोजायचं?'

नाही. घरातला साधा काटा एक ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवतो आणि दोन-तीन ग्रॅमच्या खाली त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. काही काटे तर एवढंसं वजन हळूहळू टाकलं तर हलतच नाहीत. इन्स्टंट यीस्टचा एक छोटा चमचा म्हणजे साधारण तीन ग्रॅम. अशा काट्यावर ते दोनही दिसेल, चारही. तिथे मापाचा चमचा भरून सुरीच्या पाठीने सपाट केलेला जास्त बरोबर. सोडा, बेकिंग पावडर, हळद, वेलचीपूड यांचंही तेच. पाणी, दूध, ताक लिटरच्या मापाने घेतलं तरी बिघडत नाही. मध, काकवी, पाक मात्र काट्यावरच घ्या, आणि तेही भांडं काट्यावर ठेवून थेट त्यात ओतून. वाटीने मोजले तर त्यांतला काही भाग वाटीलाच चिकटून राहतो.